स्ट्रेप्टोमायसिसच्या कॉलन्या बोडक्या का होतात, आणि गेलेला गुण परत मिळतो का?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. कोल्हापूरजवळच्या उसाच्या रानातून आणलेल्या मातीतून तिने एक स्ट्रेप्टोमायसिस, म्हणजे तंतूंनी वाढणारा आणि प्रतिजैविकं बनवणारा मातीतला जिवाणू, वेगळा केला. सुरुवातीला कॉलन्यांवर दाट राखाडी भुकटी धरायची आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर १८ मिलिमीटरचा झोन, म्हणजे प्रतिजैविकामुळे जिवाणू न वाढलेली मोकळी जागा, मिळायचा. दर आठवड्याला तिने न्यूट्रिएंट अगारच्या नव्या स्लँटवर (नळीत तिरक्या गोठवलेल्या माध्यमावर) लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, सबकल्चर केलं. अकराव्या सबकल्चरच्या सुमारास निम्म्याहून जास्त कॉलन्या बोडक्या, चकचकीत येऊ लागल्या आणि झोन ८ मिलिमीटरवर आला. गाईड म्हणतात कंटॅमिनेशन आहे, बाहेरचा जीव शिरलाय, फेकून दे, नवीन माती आण. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हे खरंच कंटॅमिनेशन आहे का, नसेल तर झालं काय, आणि जुना गुण परत येईल का.

आधी एकच सांगते: काहीही फेकू नका. जुने स्लँट फ्रीजमध्ये असतील तर आजच बाहेर काढून त्यांच्यावर सबकल्चरचा क्रमांक आणि तारीख लिहा. ते तुमच्या हातातलं सगळ्यात मोलाचं सामान आहे. बाकीचं सावकाश बोलू.

कंटॅमिनेशनची शंका घेणं चूक नाही, ती घ्यायलाच हवी. पण तुम्ही पाठवलेल्या वर्णनात एक गोष्ट अशी आहे की मला ते कंटॅमिनेशन वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की काही कॉलन्यांना ‘केकचा तुकडा कापल्यासारखा’ बोडका भाग आहे आणि उरलेली कॉलनी राखाडी आहे. बाहेरून आलेला जीव असा मधोमध, कॉलनीच्या केंद्रापासून कडेपर्यंत रुंदावत जाणारा पाचरीसारखा पट्टा सहसा करत नाही. तो कॉलनीच्या शेजारी किंवा वर वाढतो, त्याची कड वेगळी दिसते. पाचर दिसली की समजायचं, कॉलनी वाढत असताना एखाद्या तंतूत बदल झाला आणि त्याची पुढची सगळी पिलावळ त्या बाजूला पसरली. आम्ही त्याला सेक्टर म्हणतो. एखादी अशी कॉलनी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवून दिवा बाजूने तिरका मारा. राखाडी भागावर मखमलीसारखी लव दिसेल, पाचरीत ओलसर चामड्यासारखा, सुरकुतलेला, चकाकणारा पृष्ठभाग दिसेल. लूप टेकवलात तर राखाडी भागावरून भुकटी उडेल. बोडका भाग मात्र अगारला घट्ट चिकटून बसलेला असतो, ओढला तर अगारसकट निघतो. स्ट्रेप्टोमायसिसचे खालचे तंतू अगारमध्ये रुतलेले असतात म्हणून असं होतं. बॅसिलस किंवा मायक्रोकोकसची कॉलनी लोण्यासारखी लूपवर येते. एवढ्या साध्या परीक्षेतून निम्मी शंका फिटते. उरलेली १६एस आरआरएनए सिक्वेन्सिंगने, म्हणजे जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाच्या वाचनाने, फेडा: बोडकी एक, राखाडी एक, दोन्ही एकाच वेळी पाठवा.

दोन्हींचा सिक्वेन्स जुळला तर पुढचं वाचा.

इंग्रजीत अशा कॉलनीला ‘बॉल्ड’ म्हणतात, म्हणजे टकली. शब्द खेळकर वाटला तरी त्याचा अर्थ अगदी नेमका आहे. स्ट्रेप्टोमायसिसचं आयुष्य तीन टप्प्यांत जातं. बीजाणू रुजतो, त्यातून अन्नात शिरणारं तंतूंचं जाळं होतं, अन्न संपत आलं की त्या जाळ्यातून वर हवेत तंतू उभे राहतात, आणि त्या हवाई तंतूंचे समान तुकडे पडून मण्यांच्या माळेसारखे बीजाणू तयार होतात. हवाई तंतूच उभे राहिले नाहीत तर कॉलनी टकली. तंतू उभे राहिले पण बीजाणू पिकले नाहीत तर राखाडी रंग येत नाही, कॉलनी पांढरीच राहते. म्हणून दोन वेगळे गट: टकल्यांसाठी जबाबदार जनुकांना बीएलडी, पांढऱ्यांसाठी जबाबदार जनुकांना डब्ल्यूएचआय. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स संस्थेत डेव्हिड हॉपवुड, कीथ चेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरवर १९७०च्या दशकात अशीच, नुसत्या डोळ्यांनी कॉलन्या निवडून, ही जनुकं शोधायला सुरुवात केली. तुमच्या प्लेटवर जे दिसतंय ते बघायला त्यांनी वर्षं घालवली. तेव्हा ते कुरूप आहे म्हणून टाकून देऊ नका.

आता मुद्द्याचा भाग. हे इतक्या वारंवार का होतं? ई. कोलायमध्ये एखादं ठरावीक जनुक बिघडण्याची शक्यता एका पिढीत साधारण दहा लाखांत एक किंवा त्याहून कमी. स्ट्रेप्टोमायसिसमध्ये काही गुण शंभरात एकाच्या आसपास जातात. स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्सचं उदाहरण घ्या: त्याच्या बीजाणूंपैकी साधारण अर्धा टक्का बीजाणूंतून क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक सहन न करणाऱ्या कॉलन्या येतात, आणि त्या कॉलन्यांच्या पुढच्या पिढीत सुमारे चौथा हिस्सा कॉलन्या अर्जिनिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवण्याची क्षमता गमावतात. चौथा हिस्सा! इतकी मोठी टक्केवारी साध्या बिंदू-उत्परिवर्तनाने, म्हणजे डीएनएतलं एखादं अक्षर बदलून, येऊ शकत नाही. जुन्या पिढीतल्या संशोधकांनी म्हणूनच बराच काळ धरून चाललं होतं की हे गुण प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या सुट्या डीएनएवर, असले पाहिजेत आणि प्लास्मिड हरवला की गुण जातो. तर्क चुकीचा नव्हता, पण उत्तर वेगळं निघालं.

ते उत्तर मला स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसच्या गोष्टीतून सगळ्यात चांगलं समजलं, म्हणून तीच सांगते. ग्रिसियस म्हणजे तोच, ज्यातून १९४३ साली अमेरिकेत रटगर्सला सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं, क्षयावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक. त्यानंतर दोनच वर्षांत त्याच प्रयोगशाळेने लिहून ठेवलं की ग्रिसियसच्या संवर्धनात हवाई तंतू नसलेले प्रकार आपोआप निघतात, ते स्ट्रेप्टोमायसिन बनवत नाहीत, उलट स्ट्रेप्टोमायसिनने मरतात. म्हणजे तुमची अडचण या जीवाइतकीच जुनी आहे. एकाच झटक्यात तीन गोष्टी जातात: बीजाणू, औषध, आणि औषधापासून स्वतःचा बचाव.

तीन गोष्टी एकत्र का जाव्यात? याचा धागा १९६०च्या दशकात मॉस्कोत खोखलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला. चांगल्या ग्रिसियसच्या द्रावातला एक पदार्थ अगदी अत्यल्प प्रमाणात टकल्या ग्रिसियसला दिला की तो पुन्हा हवाई तंतू उभे करतो, बीजाणू धरतो, स्ट्रेप्टोमायसिनही बनवतो. त्या पदार्थाला त्यांनी ए-फॅक्टर नाव दिलं. पुढे टोकियो विद्यापीठात तेरुहिको बेप्पू आणि सुएहारू होरिनोउची यांनी त्याची सगळी साखळी उलगडली. ए-फॅक्टर हा एक छोटा रेणू, नॅनोमोलर प्रमाणात पुरतो. पेशीत एआरपीए नावाचं प्रथिन एडीपीए या जनुकावर कुलपासारखं बसलेलं असतं. ए-फॅक्टर आला की ते कुलूप निघतं, एडीपीए चालू होतं, आणि त्यातून एकीकडे स्ट्रेप्टोमायसिनची जनुकं (त्यापासूनच्या बचावाचं जनुकही त्यांतच) तर दुसरीकडे हवाई तंतूंची जनुकं जागी होतात. म्हणून एक ए-फॅक्टर गेला की औषध, बचाव आणि बीजाणू तिन्ही जातात.

ए-फॅक्टर बनवण्याचं मुख्य जनुक, एएफएसए, जरा तापमान वाढवलं किंवा ॲक्रिडीनसारखी रंगद्रव्यं दिली की फार मोठ्या प्रमाणात हरवायचं. प्लास्मिड हरवताना नेमकं असंच होतं, त्यामुळे पुन्हा तोच संशय. पण प्लास्मिड काही सापडेना. मग १९९३ साली तैवानमध्ये कार्टन चेन यांच्या गटाने दाखवलं की स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्सचं गुणसूत्र गोल नाही, सरळ दोरीसारखं आहे, त्याला दोन टोकं आहेत. जिवाणूंचं गुणसूत्र गोल असतं हे आपण सगळे शाळेत शिकलेलो, त्याला हा मोठाच अपवाद होता. ग्रिसियसचं गुणसूत्रही तसंच निघालं. आणि एएफएसए कुठे सापडलं? डाव्या टोकापासून जेमतेम १५० किलोबेसवर, म्हणजे दीड लाख बेसवर (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर). पंच्याऐंशी लाखांहून जास्त बेस असलेल्या गुणसूत्रात म्हणजे अगदी काठावर.

टोक तुटलं की ए-फॅक्टर गेला. सगळ्या कोड्याचं उत्तर एवढंच होतं.

ही टोकं तुटतात कशी, हेही पाहण्यासारखं आहे. दोन्ही टोकांवर एकमेकांची उलटी प्रत असलेले लांबच लांब क्रम असतात, आणि प्रत्येक टोकाला एक प्रथिन कायमचं जोडलेलं असतं, दोरीचं टोक उसवू नये म्हणून गाठ मारावी तसं. कॉपी करताना किंवा डीएनए तुटल्यावर दुरुस्ती करताना हे टोक निसटलं तर पेशीपुढे काही मार्ग असतात. दुसऱ्या टोकाची प्रत घेऊन या टोकाला लावायची, किंवा दोन्ही तुटकी टोकं एकमेकांना जोडून गुणसूत्र गोल करून टाकायचं. दोन्हीत टोकाजवळचा तुकडा जातो, कधी काही हजार बेस, कधी वीस लाखांपर्यंत. फ्रान्समधल्या नान्सीच्या संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसिस ॲम्बोफेशियन्सवर हे फार बारकाईने तपासलंय. एवढा तुकडा गेल्यावरही पेशी जगते, कारण जगण्यासाठी अत्यावश्यक जनुकं बहुतेक मधोमध असतात. सीलिकलरचं ८६ लाख ६७ हजार बेसचं गुणसूत्र २००२ मध्ये पूर्ण वाचलं गेलं तेव्हा हे स्पष्ट दिसलं: मधला सुमारे ४९ लाखांचा गाभा, आणि दोन्ही बाजूंना १५ आणि २३ लाखांचे हात. गाभ्यात घरखर्चाची जनुकं, हातांमध्ये प्रसंगी लागणारी. हात तुटला तरी न्यूट्रिएंट अगारवर, जिथे आयतं खायला आहे, पेशीला काही कमी पडत नाही.

काही वेळा तुकडा जाण्याच्या जोडीने दुसरा एखादा तुकडा अतोनात वाढतो. लिव्हिडान्सच्या अर्जिनिन गमावलेल्या कॉलन्यांत ५.७ किलोबेसचा एक तुकडा शेकडो प्रतींत आढळतो. हा गोंधळ नेहमी तोट्याचाच असतो असंही नाही. जपानमध्ये कॅनामायसिनच्या उत्पादनासाठी वर्षानुवर्षं निवडत आणलेल्या स्ट्रेप्टोमायसिस कॅनामायसेटिकसचा जास्त उत्पादन देणारा प्रकार तपासला तर कॅनामायसिनची सगळी जनुकं असलेला १४५ किलोबेसचा तुकडा त्यात एकामागोमाग अनेक प्रतींत, छत्तीसपर्यंत, रचलेला निघाला. ज्या अस्थिरतेने तुमचा गुण घालवला तिच्याच बळावर कारखान्याचं उत्पादन वाढलं होतं.

सगळ्याच टकल्यांचं कारण टोक तुटणं नसतं, हे मात्र नीट लक्षात घ्या. बहुतेक बीएलडी जनुकं गाभ्यात आहेत आणि त्यांच्यात साधं बिंदू-उत्परिवर्तन होऊनही कॉलनी टकली होते. सगळ्यात गाजलेलं बीएलडीए. हे प्रथिन बनवतच नाही. ते ल्युसिन या अमिनो आम्लाच्या टीटीए या संकेतासाठीचा एकमेव टीआरएनए, म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्ल आणून देणारा रेणू, बनवतं. स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं मिळून सुमारे ७२ टक्के, त्यामुळे टीटीए हा संकेत फार थोड्या जनुकांत येतो, आणि ती नेमकी हवाई तंतू आणि प्रतिजैविकं यांच्याशी संबंधित असतात. एडीपीएतही टीटीए आहे. म्हणून बीएलडीए गेलं की पेशी छान वाढते, पण प्रौढ होत नाही.

तुमच्या जीवात यांतलं नेमकं काय झालंय हे न तपासता सांगता येणार नाही. पण तपासायची पहिली पायरी स्वस्त आहे, खाली सांगते.

त्याआधी, बदल कुठून आला यापेक्षा तो वाढला कसा, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बदल होतच राहणार, तुमचा हात कितीही स्वच्छ असला तरी. प्लेटवर आपण ‘एक स्ट्रेन’ म्हणतो ती खरं तर लोकवस्ती असते. दर हजार बीजाणूंत पाच-दहा वेगळे असतातच. अकराव्या सबकल्चरला त्यांची बहुसंख्या झाली ती तुम्ही दर आठवड्याला केलेल्या निवडीमुळे. तुम्ही न्यूट्रिएंट अगारवर वाढवलंत. त्यावर स्ट्रेप्टोमायसिस मुळातच नीट बीजाणू धरत नाही. मग लूपने जे हाताला लागलं ते उचललंत, म्हणजे तंतू आणि बीजाणू सगळं एकत्र. अशा बदलीत ज्या पेशीने हवाई तंतू आणि बीजाणू बनवण्यात अन्न खर्च केलं तिला काहीच फायदा नाही. जिने तो खर्च वाचवून नुसते तंतू वाढवले तिचं वजन लूपवर जास्त. हिशेबापुरतं धरा की टकली पेशी प्रत्येक दुपटीमागे फक्त ५ टक्के पुढे जाते आणि एका सबकल्चरमध्ये २० दुपटी होतात. सुरुवातीला ती हजारात पाच असेल तर पाच सबकल्चरनंतर वस्तीत तिचा वाटा ४० टक्के होतो. तुमच्या हातात अकरा झाले.

हे स्ट्रेप्टोमायसिसपुरतंच आहे असंही नाही. मिक्सोकोकस झँथस हा मातीतला जिवाणू उपासमार झाली की हजारोंनी एकत्र येऊन फळासारखे गोळे करतो आणि त्यात बीजाणू धरतो. १९९८ मध्ये वेलिसर, क्रूस आणि लेन्स्की यांनी त्याचे बारा वंश हलत्या द्रवात, भरपूर अन्नात, हजार पिढ्या वाढवले. जवळजवळ सगळ्यांची गोळे आणि बीजाणू करण्याची क्षमता एकतर गेली किंवा फार कमी झाली. बॅसिलस सटिलिसवर सहा हजार पिढ्यांचे असेच प्रयोग झाले आणि तिथेही बीजाणू न करणारे वंश निघाले. फ्लास्कमध्ये उपास नाही, कोरडेपणा नाही, शत्रू नाही. ज्या संकटांसाठी हे गुण राखून ठेवलेले असतात ती संकटंच आपण काढून घेतो.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती तुमच्यासारखीच आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका औषध कंपनीच्या फर्मेंटेशन विभागात होते. प्रतिजैविकाचं टायटर, म्हणजे द्रवातलं त्याचं प्रमाण, तीन-चार महिने हळूहळू घसरत होतं. आम्ही सोयापेंडीचा लॉट बदलला, पाणी तपासलं, स्टिररचा वेग, हवेचा दाब, पीएचचा प्रोब, सगळं पाहिलं. पेंडीच्या पुरवठादाराशी चार वेळा वाद झाले. इनोक्युलमकडे, म्हणजे टाकीत सोडायच्या मूळ संवर्धनाकडे, कोणी पाहिलं नाही, कारण स्लँट माझ्याकडे होते आणि ते मी रोज बघत होते. रोज बघत होते म्हणूनच हळूहळू होणारा बदल दिसला नाही. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला स्लँट धुऊन, पातळ करून, मोठ्या प्लेटवर पसरायला सांगितलं. आठव्या दिवशी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि आधी वास जाणवला, म्हणजे वास नव्हता. पहिल्या पावसाचा, ओल्या मातीचा तो वास या जीवांचाच असतो, जिओस्मिनचा, आणि ते बीजाणू धरण्याच्या टप्प्याशी बांधलेलं असतं. प्लेटवर तीनेक कॉलन्यांमागे एक टकली. आम्ही चार महिने पेंडीला दोष देत होतो.

त्यानंतर मी कधीही स्लँटवरून स्लँटवर सलग बदली केलेली नाही. तुम्हीही करू नका. नेमकं काय करायचं ते आता सांगते.

सगळ्यात जुना स्लँट घ्या, शक्यतो पहिल्या तीनांतला. मॅनिटॉल-सोया अगार करा: लिटरला २० ग्रॅम मॅनिटॉल, २० ग्रॅम सोयापीठ, २० ग्रॅम अगार, साध्या नळाच्या पाण्यात. दोनदा ऑटोक्लेव्ह करा, सोयापिठातले बीजाणू हट्टी असतात. माध्यम गढूळ दिसतं, पण बीजाणू यावर फार छान धरतात. २८ ते ३० अंशांना सात ते दहा दिवस ठेवा. ३७ला नको, उष्णतेने ग्रिसियसचं काय होतं ते वर आलंच आहे.

भुकटी धरल्यावर त्यावर निर्जंतुक पाणी आणि चिमूटभर ट्वीन (साबणासारखा पदार्थ) घालून हलक्या हाताने खरवडा, आणि ते पाणी निर्जंतुक, पाणी न शोषणाऱ्या कापसातून गाळा. हा कापूस महत्त्वाचा आहे. तंतूंचे तुकडे अडकतात, सुटे बीजाणू खाली येतात. खालच्या तंतूंच्या एकेका कप्प्यात गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात, काही चांगल्या, काही तुटक्या, आणि चांगल्या प्रती तुटक्यांची उणीव झाकतात. बीजाणूत मात्र एकच प्रत. तंतूच्या तुकड्यातून आलेली कॉलनी दिसायला चांगली असली तरी तिच्या पोटात काय आहे सांगता येत नाही. बीजाणूतून आलेली कॉलनी जशी आहे तशी दिसते.

मग पातळ करून प्लेटवर सुट्या कॉलन्या आणा. प्रत्येकी शंभर कॉलन्या मावतील अशा पाच-सहा प्लेट. टकल्या, पांढऱ्या, राखाडी मोजून लिहा. ही टक्केवारी तुमच्या प्रबंधातलं पहिलं कोष्टक आहे. राखाडीतल्या वीस कॉलन्या निवडा आणि प्रत्येकीचा अगार प्लग (अगारसकट कापलेली चकती) स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर ठेवून झोन मोजा. हे टाळू नका. राखाडी दिसणं म्हणजे प्रतिजैविक आहे असं नव्हे. बीजाणूंनी बदली केली तर बीजाणू धरण्याच्या गुणाची आपोआप राखण होते, प्रतिजैविकाची होत नाही. मी अशा कॉलन्या पाहिल्या आहेत ज्या मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभतील आणि झोन शून्य.

चांगल्या तीन-चार कॉलन्यांचे बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, छोट्या कुप्यांत, एकदाच पुरतील इतके, वीस-पंचवीस कुप्या भरून उणे ८० अंशांना. नसेल तर उणे २० चालेल. त्यातल्या पाच कुप्यांना हात लावायचा नाही, त्या मूळ साठा. उरलेल्यांतून एकेक काढून काम. प्रत्येक प्रयोग नव्या कुपीतून सुरू, म्हणजे मूळापासूनचं अंतर दोन-तीन बदल्यांपलीकडे जातच नाही. डीप फ्रीजर नसलेल्या कॉलेजांसाठी जुनी पद्धतही चांगली आहे: चाळलेली कोरडी माती परीक्षानळीत घेऊन, एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा ऑटोक्लेव्ह करून, त्यात बीजाणूंचं पाणी टाकून वाळवायची. नळी नीट बंद केली तर स्ट्रेप्टोमायसिस वर्षानुवर्षं जगतो. आणि एक प्रत पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएमला किंवा चंदीगडच्या एमटीसीसीला (दोन्ही सूक्ष्मजीवांचे संग्रह) जमा करायचा विचार जरूर करा. पिंपरीच्या मातीचं नाव मिरवणारा स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, ज्यातून हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं, तोही कोणीतरी जपून ठेवला म्हणून पुढे अभ्यासता आला. उसाच्या रानातला तुमचा जीव त्याहून कमी मोलाचा आहे असं आज कोणीच म्हणू शकत नाही.

आता तिसरा प्रश्न. टकलीतून गुण परत येतो का? तुटलेलं टोक परत येत नाही, कितीही वाट पाहिली तरी. बिंदू-उत्परिवर्तन क्वचित उलटतं, पण त्यासाठी बसून राहण्यात अर्थ नाही, जुन्या स्लँटमधून चांगली कॉलनी शोधणं कित्येक पटींनी सोपं. तरीही टकल्या जपून ठेवा आणि दोन प्रयोग करा.

पहिला: तीच टकली एका प्लेटवर ग्लुकोज असलेल्या माध्यमात आणि दुसरीवर मॅनिटॉलच्या माध्यमात वाढवा. सीलिकलरमध्ये बीएलडीए आणि तिच्यासारख्या बऱ्याच टकल्या मॅनिटॉलवर बीजाणू धरतात, ग्लुकोजवर धरत नाहीत. बीएलडीबी कुठेच धरत नाही. तुमच्याकडेही असा फरक दिसला तर तो चांगलाच धागा आहे.

दुसरा: टकली आणि मूळ राखाडी शेजारी शेजारी, तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवून ओढा. राखाडीच्या बाजूच्या काठावर टकलीला पांढरी लव फुटली तर समजायचं, तिच्यात यंत्रणा शाबूत आहे, फक्त बाहेरून येणारा काहीतरी संदेश तिला बनवता येत नाही. मॉस्कोत ए-फॅक्टर सापडला तो याच तत्त्वावर, आणि बीएलडी जनुकांचा परस्परांशी असलेला क्रम पुढे अशाच शेजार-प्रयोगांतून लागला. अगारच्या दोन प्लेट आणि एक आठवडा, एवढाच खर्च.

एक गोष्ट मनात ठेवा. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या गटाने सीलिकलरबद्दल दाखवलं की टोकं तुटलेल्या काही कॉलन्या प्रतिजैविकं मूळापेक्षा जास्त आणि जास्त प्रकारची बनवतात, स्वतः मात्र बीजाणू फार कमी धरतात. वस्तीतल्या काही पेशी स्वतःचं भविष्य सोडून सगळ्यांसाठी शस्त्रं बनवतात, असा त्यांचा अर्थ. सीलिकलरसाठी मला तो पटतो. तुमच्या जीवाला तो लावू नका, कारण तुमचा झोन घसरलाय, वाढलेला नाही. पण म्हणूनच टकल्यांचा झोन स्टॅफखेरीज बॅसिलसवर आणि एखाद्या यीस्टवरही तपासा. एक औषध गेलं आणि दुसरं जागं झालं, असंही असू शकतं.

गाईडना हे उत्तर दाखवायला संकोचू नका. त्यांची शंका योग्य होती, फक्त तपासून पाहायची राहिली होती. १६एसचा निकाल आणि मोजलेल्या कॉलन्यांचं कोष्टक घेऊन जा, बोलणं सोपं होईल. सातव्या दिवशीच्या प्लेटचे दोन फोटो काढा, एक वरून तिरक्या उजेडात आणि एक प्लेट उलटी करून खालून, कारण खालचा रंगही टकल्यांत बरेचदा बदलतो. ते इथे टाकलेत तर पुढचं बघून सांगेन.